झिजलेल्या जोड्यांचा चित्रकार

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिण्याची जी रूढ रीत आहे, तींत त्यांच्या मुद्रेचें, वाणीचें व कर्तृत्वाचें वर्णन असतें. त्यांच्या पायांतील जोड्यांची वास्तपुस्त कोणी करीत नाहीं. परंतु ज्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याची ओळख जोड्यांपासूनच करून देणें सोयीचें आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा हॉलंड देशचा चित्रकार. त्याच्या एकेका चित्रासाठीं धनिक लोक कोट्यवधि रुपये मोजतात, आणि त्यानें रंगविलेलीं सूर्यफुलें शाळेंतील मुलांच्याहि परिचयाचीं आहेत. त्याच व्हिन्सेंटनें चिखलानें माखलेले, बंद सुटलेले, टाचा झिजलेले जुने जोडेहि पुनःपुन्हां रंगविले. हे जोडे त्याला कां रंगवावेसे वाटले, ह्याचें उत्तर त्याच्या चरित्रांत आहे. आणि मिशनच्या शाळांतून शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या मंडळीस तें विशेष विचार करावयास लावणारें आहे.

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजीं हॉलंडच्या दक्षिणेकडील ब्रबांट प्रांतांत, झुंडर्ट नांवाच्या खेड्यांत झाला. त्याचे वडील थिओडोरस हे तेथील लहानशा प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक होते. भोंवतालची बहुतेक वस्ती रोमन कॅथोलिक शेतकऱ्यांची होती. त्याच्या जन्मापूर्वीं बरोबर एक वर्ष, त्याच तारखेस, त्याच्या मातेस एक मृत मूल झालें होतें व त्याचेंहि नांव व्हिन्सेंटच ठेविलें होतें. मंदिराच्या आवारांत त्या बाळाची कबर होती. म्हणजे आपलेंच नांव कोरलेला दगड पाहत हा मुलगा लहानाचा मोठा झाला. १ मे १८५७ रोजीं त्याचा धाकटा भाऊ थिओ जन्मास आला. ह्या थिओनें पुढें आपल्या भावाचा सर्व भार वाहिला. तो नसता तर व्हिन्सेंटचें नांवहि आज कोणास ठाऊक नसतें.

सोळाव्या वर्षीं, म्हणजे १८६९ सालीं, व्हिन्सेंट हेग शहरीं गूपिल नामक चित्रविक्रेत्यांच्या पेढींत नोकरीस लागला. पेढीच्या कामानिमित्त तो पुढें लंडन व पॅरिस येथेंहि राहिला. आरंभीं त्याचें काम चोख होतें. परंतु हळूहळू त्याचें चित्त व्यापारावरून उडालें आणि पवित्र शास्त्राच्या वाचनांत रमूं लागलें. १८७६ सालीं पेढीनें त्यास नोकरींतून दूर केलें. त्यानंतर इंग्लंडांतील दोन शाळांत त्यानें साहाय्यक शिक्षकाचें काम केलें, आणि त्याच वर्षीं रिचमंड येथील मेथडिस्ट मंदिरांत आपलें पहिलें प्रवचन केलें. मनुष्य हा पृथ्वीवर परका व प्रवासी आहे, हा स्तोत्रकर्त्याचा विचार त्यानें विवेचनासाठीं घेतला होता. पुढें त्याच्या आयुष्यांत जें जें घडलें, तें पाहतां हा विषय त्यानें उगाच निवडला नव्हता असें वाटतें.

वडिलांप्रमाणें पाळक होण्याची इच्छा धरून तो १८७७ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमला गेला व विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठीं लॅटिन व ग्रीक शिकूं लागला. पण सव्वा वर्षाच्या आंतच त्यानें तो अभ्यास सोडला. गरिबांना शांतीचा निरोप सांगण्यास ग्रीक क्रियापदांचीं रूपें कशास हवींत, हें त्याला उमगेना. नंतर ब्रसेल्सजवळील सुवार्तिकांच्या शाळेंत त्यानें तीन महिने उमेदवारी केली; तेथेंहि तो चालकांच्या पसंतीस उतरला नाहीं. तेव्हां १८७८ च्या डिसेंबरांत तो आपल्याच जबाबदारीवर बेल्जममधील बोरिनाज नांवाच्या मुलखांत गेला.

बोरिनाज हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश. तेथील पुरुष, स्त्रिया व मुलेंहि पहाटेच्या अंधारांत खाणींत उतरत आणि संध्याकाळच्या अंधारांत वर येत. १८७९ च्या जानेवारींत तेथील सुवार्ताप्रसारक समितीनें व्हिन्सेंटला सहा महिन्यांकरितां वाम ह्या गांवीं सुवार्तिक नेमिलें. तो प्रथम एका पाववाल्याच्या नीटनेटक्या घरीं राहत असे. परंतु ज्यांना उपदेश करावयाचा ते झोपड्यांत आणि आपण उबदार बिछान्यावर, हें त्याच्या मनास सोसेना. त्यानें आपले चांगले कपडे वाटून टाकले, तो एका झोपडींत राहावयास गेला व गवतावर निजूं लागला. खाणींतील लोकांचें जिणें समजावें म्हणून तो मार्कास नांवाच्या जुन्या व धोक्याच्या खाणींत सुमारें ७०० मीटर खोल उतरला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें जवळच्या फ्रामरी येथील खाणींत वायूचा भयंकर स्फोट होऊन शंभरावर माणसें दगावलीं. आजाऱ्यांची व भाजलेल्या माणसांची शुश्रूषा करण्यांत त्यानें रात्रंदिवस पाहिला नाहीं, असें त्या गांवचे लोक पुढें पुष्कळ वर्षें सांगत असत.

सहा महिने संपले, आणि समितीनें त्याची नेमणूक पुढें चालविली नाहीं. त्याच्या अंगीं वक्तृत्व नाहीं, हें कारण नमूद झालें. त्याचा अतिरेकी त्यागहि वरिष्ठांस रुचला नव्हता. समितीवर आम्ही सरसकट दोष ठेवूं इच्छीत नाहीं. व्हिन्सेंटला बोलण्याची हातोटी खरोखरच नव्हती, आणि ज्याच्या शेजारीं कोणास फार दिवस राहणें कठीण, अशा स्वभावाचा तो होता. मंडळीचें काम चालवावयाचें म्हणजे नियम हवेत, अहवाल हवेत, लोकांत वजन असलेला उपदेशक हवा. तरी पण मिशनच्या आश्रयानें वाढलेल्या आम्हां लोकांच्या मनांतून एक प्रश्न जात नाहीं. ज्या प्रभूस मस्तक टेंकावयास जागा नव्हती आणि ज्यानें कमरेस रुमाल गुंडाळून शिष्यांचे धुळीनें भरलेले पाय धुतले, त्याचें अनुकरण एका तरुणानें अक्षरशः केलें. आणि त्याच प्रभूच्या नांवानें बसलेल्या मंडळींना तें अशोभनीय वाटलें, हें कसें? आपल्याकडील एकादा सुवार्तिक अशा फाटक्या वेषानें वार्षिक सभेस आला, तर आपण त्यास कोठें बसवूं? ह्याचें उत्तर प्रत्येकानें आपल्याशींच द्यावें.

नेमणूक गेल्यावरहि तो वर्षभर त्याच भागांत हालअपेष्टांत राहिला. १८८० च्या आरंभीं, कडक थंडींत, तो फ्रान्समधील कूरियेर ह्या गांवीं जावयास निघाला. तेथें झ्यूल ब्रेतों नांवाचा शेतकऱ्यांचीं चित्रें काढणारा प्रसिद्ध चित्रकार राहत असे. खिशांत जेमतेम दहा फ्रँक. कांहीं वाट आगगाडीनें गेल्यावर उरलेली त्यानें पायीं तुडविली. रात्रीं उघड्यावर, एकदां एका टाकून दिलेल्या गाडींत, तर एकदां लाकडांच्या राशींत काढल्या, आणि जवळचीं कांहीं रेखाचित्रें देऊन भाकरीचे तुकडे मिळविले. अखेर तो ब्रेतोंच्या नव्या चित्रशाळेपुढें उभा राहिला. पण विटांच्या त्या इमारतीचा थंड व अनोळखी डौल पाहून आंत पाऊल टाकण्याचा त्यास धीर झाला नाहीं. पाय सुजलेले, जोडे फाटलेले, अशा स्थितींत तो परत फिरला. आश्चर्य हें कीं, ह्याच निष्फळ प्रवासांत त्याचें मन स्थिर झालें. त्याच वर्षीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें चित्रकार होण्याचा निश्चय केला. जें जिभेनें सांगतां आलें नाहीं तें आतां हातानें सांगावयाचें होतें.

त्यास कोणी मोठा गुरु लाभला नाहीं. फ्रान्समधील झां फ्रांस्वा मिये (१८१४-१८७५) हा शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेला चित्रकार त्याचा मानसगुरु होता. मियेनें पेरणी करणारा, सरवा वेंचणाऱ्या बायका, संध्याकाळच्या घंटानादाबरोबर शेतांत प्रार्थनेस उभें राहिलेलें जोडपें, अशीं चित्रें काढलीं. त्यांतील माणसें खेड्यांतील लाकडी जोडे घालून ढेंकळांत उभीं असतात. त्यापूर्वीं चित्रांत शेतकरी दिसला तरी तो बहुधा शोभेसाठीं किंवा थट्टेसाठीं असे. मियेनें त्यास मोशे किंवा अब्राहाम ह्यांच्यासारखा गंभीर केला. व्हिन्सेंटनें त्याच्या चित्रांच्या नकला करून करून आपला हात घडविला.

१८८३ च्या अखेरीस व्हिन्सेंट न्यूनन येथें आईबापांकडे आला व सुमारें दोन वर्षें राहिला. तेथें त्यानें हातमागावर बसलेले विणकर रंगविले, शेतकऱ्यांचे कितीतरी चेहरे रंगविले, आणि १८८५ च्या वसंतांत ‘बटाटे खाणारे’ हें मोठें चित्र पुरें केलें. छताला टांगलेल्या एका दिव्याच्या उजेडांत पांच माणसें मेजाभोंवतीं बसून बटाटे खात आहेत. जे हात जमीन खणतात तेच हात ताटांत जातात, आणि हें अन्न त्यांनीं प्रामाणिकपणें कमाविलें आहे, हें दाखविण्याचा त्याचा हेतु होता. मातीचीं भांडीं, बटाट्यांच्या टोपल्या, पक्ष्यांचीं घरटीं आणि लाकडी जोडे हीं त्या काळांतील त्याच्या चित्रांतील दौलत. ह्याच वर्षीं मार्चमध्यें त्याचे वडील वारले. त्यांचें भलें मोठें पवित्र शास्त्र त्यानें ऑक्टोबरांत रंगविलें. तें यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायावर उघडलेलें आहे, म्हणजे तुच्छ लेखिलेल्या व दुःखांशीं परिचित अशा सेवकाचें वर्णन जेथें आहे त्या ठिकाणीं. शेजारीं एक विझलेली मेणबत्ती व एक फ्रेंच कादंबरी आहे. मंडळीपासून तो दूर गेला होता हें खरें. परंतु तें पान त्याच्या डोळ्यांपुढून गेलें नव्हतें.

१८८६ च्या मार्चमध्यें तो पॅरिसला थिओकडे राहावयास गेला. तेथील नव्या चित्रकारांच्या संगतीनें त्याचे काळे-तपकिरी रंग उजळले. ह्याच शहरांत, खेडें मागें टाकल्यावर, त्यानें जुन्या जोड्यांचीं तीं प्रसिद्ध चित्रें काढलीं. त्याच्या एका सहाध्याय्याची आठवण अशी कीं, व्हिन्सेंटनें जुन्या बाजारांतून गाडीवानाचे जाडेभरडे बूट विकत आणले. ते पुसून स्वच्छ केलेले होते. तेव्हां एका पावसाळी दुपारीं तो ते पायांत घालून लांबवर भटकून आला, आणि ते चिखलानें भरल्यावर मगच त्यानें ते रंगविले. जोड्याला चालण्याची खूण नसेल तर तो दुकानांतील माल. त्याला रंगवावयाचा होता तो चाललेला जोडा.

१८८६ सालचें जोड्यांचें एक चित्र आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या संग्रहालयांत आहे. तें सुमारें ३८ सेंटिमीटर उंच व ४५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे भिंतीवरील साध्या आरशाएवढें. त्यांत खोली नाहीं, वाट नाहीं, मनुष्य नाहीं. पिंवळसर-तपकिरी पार्श्वभूमीवर दोन जोडे टेंकून ठेविले आहेत. एकाचें तोंड दुमडून खालीं आलें आहे, बंद सैल सुटून पडला आहे, कातडें पायाच्या आकारानें फुगलें व सुरकुतलें आहे. दिवसभर राबलेला मनुष्य घरीं येऊन भिंतीशीं बसतो, तसे ते बसलेले दिसतात. मनुष्याचा चेहरा प्रसंगीं खोटें बोलूं शकतो. पण तो किती चालला, कोणत्या पायावर भार देऊन चालला, ओझें घेऊन चालला कीं मोकळा चालला, हें त्याचा जोडा लपवूं शकत नाहीं.

हे जोडे कोणाचे, ह्यावर विद्वानांत मोठा वाद झाला आहे. मार्टिन हायडेगर ह्या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १९३० सालीं अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत असें एक चित्र पाहिलें, आणि १९३५-३६ च्या आपल्या व्याख्यानांत ते एका शेतकरी स्त्रीचे जोडे मानून त्यांत तिचें सारें जग पाहिलें: तिची नांगरटींतील संथ चाल, मातीची ओल, धान्याची काळजी आणि जन्ममरणाची भीति. १९६८ सालीं मायर शापिरो ह्या अमेरिकन कलापंडितानें त्यास हरकत घेतली. त्याच्या मतें हे जोडे शेतकऱ्याचे नसून शहरांत राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचेच, आणि म्हणून हें एका परीनें त्याचें आत्मचित्र आहे. आमच्या अल्प मतीस असें वाटतें कीं, दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. ते जोडे कोणाच्याहि पायांतील असोत; चित्रकारानें स्वतःस त्याच वाटेवर उभें केलें होतें, जी वाट शेतकरी, गाडीवान व खाणकरी रोज तुडवितात.

पादत्राणाचा आदर आपल्या लोकांस नवा नाहीं. भरतानें रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य केलें. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका आषाढींत पालखींतून पंढरपुरास जातात. पण तेथें पूज्यता येते ती ज्याच्या त्या पादुका त्याच्यामुळें. शेतकऱ्याची वहाण मात्र उंबरठ्याबाहेरच राहते, आणि ती शिवणारा चांभार तर पिढ्यान् पिढ्या गांवानें दूर बसविला. मराठीचें व्याकरण १८०५ सालीं छापणारे मिशनरी विल्यम केरी हे तारुण्यांत जोडेच शिवीत असत, हें येथें सहज आठवतें. व्हिन्सेंटनें जें केलें त्याचा विशेष हाच कीं, त्याच्या चित्रांतील जोड्यांच्या धन्यास नांव नाहीं. कोणा संताच्या वा राजाच्या नांवावांचून, केवळ श्रमानें झिजले एवढ्याच अधिकारावर, ते जोडे त्यानें उंबरठ्याच्या आंत आणले.

१८८८ च्या फेब्रुवारींत तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल गांवीं गेला. तेथील लखलखीत उन्हांत त्याचें सर्वांत तेजस्वी काम झालें. सूर्यफुलें तेथलींच. त्याच ऑगस्टमध्यें लाल फरशीवर ठेविलेल्या जाड जोड्यांचेंहि चित्र त्यानें काढलें, आणि वर्षाअखेरीस आपली गवती बैठकीची साधी खुर्ची रंगविली. ऑक्टोबरांत गोगँ हा चित्रकार त्याच्याकडे राहावयास आला. त्यानें पुढें लिहिलें आहे कीं, व्हिन्सेंटच्या खोलींत खिळे ठोकलेला एक जुना जोडा जपून ठेविलेला होता. सुवार्ता सांगावयास बेल्जमला निघालों तेव्हां हाच जोडा पायांत होता, असें त्यानें सांगितलें. गोगँच्या आठवणींवर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. तरी ही हकीकत खरी असेल, तर बोरिनाजमधील ते दिवस व्हिन्सेंटनें अपयश म्हणून कधींच टाकून दिले नव्हते, असें मानावें लागतें.

दोघां मित्रांचें पटलें नाहीं. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्रीं व्हिन्सेंटचें मन बिघडलें व त्या झटक्यांत त्यानें आपला कान कापून घेतला. पुढें आजाराच्या लहरी येत राहिल्या. १८८९ च्या मेमध्यें तो आपण होऊन सेंट रेमी येथील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झाला. झटका ओसरला कीं तो कामास लागे. तेथेंच त्यानें शेतकऱ्यांच्या कातडी व लाकडी जोड्यांचें एक चित्र केलें, आणि मियेच्या वीसएक चित्रांचीं आपल्या रंगांत रूपांतरें केलीं. त्यांतील १८९० च्या जानेवारींतील ‘पहिलीं पावलें’ हें चित्र आम्हांस फार प्रिय आहे. बागेंत काम करणाऱ्या बापानें कुदळ बाजूस टाकून, गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरले आहेत, आणि आईनें धरलेलें मूल त्याच्याकडे पहिलें पाऊल टाकावयाच्या बेतांत आहे. त्या वेळीं थिओची पत्नी योहाना बाळंत होण्याच्या दिवसांत होती. ३१ जानेवारीस तिला मुलगा झाला व त्याचें नांव व्हिन्सेंटच ठेविलें.

मेमध्यें व्हिन्सेंट पॅरिसजवळील ओव्हेर गांवीं राहावयास गेला. २७ जुलै १८९० रोजीं त्या आजारी मनाच्या अंधारांत त्यानें पिस्तुलानें स्वतःस जखम करून घेतली, आणि २९ तारखेस थिओच्या सान्निध्यांत त्याचा प्राण गेला. वय अवघें सदतीस. अशा रीतीनें मेलेल्यास गांवच्या धर्मगुरूनें शववाहक गाडी देण्याचें नाकारलें. ती शेजारच्या गांवाहून आणावी लागली. पण त्याच्या शवपेटीभोंवतीं मित्रांनीं त्याचीं चित्रें लावलीं व पिंवळ्या फुलांच्या राशी ठेविल्या. आजाराशीं झुंजतां झुंजतां पडलेल्या मनुष्याचा न्याय करणें हें आमचें काम नव्हे. तें ज्याचें आहे तो आमच्याहून दयाळु आहे. सहा महिन्यांनीं, २५ जानेवारी १८९१ रोजीं, थिओहि वारला.

दहा वर्षांत व्हिन्सेंटनें सुमारें नऊशें रंगचित्रें व हजारावर रेखाचित्रें काढलीं. त्याच्या हयातींत त्यांचें चीज झालें नाहीं; ‘तांबडा द्राक्षमळा’ हें चित्र १८९० सालीं ब्रसेल्सच्या प्रदर्शनांत चारशें फ्रँकांस विकलें गेलें, निश्चितपणें ठाऊक असलेल्या थोड्याशा विक्रींपैकीं ती एक आहे. तीं चित्रें जगापुढें आणण्याचें श्रेय योहानाचें. तरुण विधवा, कडेवर मूल, आणि घरांत कोणी न घेणारीं शेंकडों चित्रें. तिनें खाणावळी ठेवून संसार चालविला, प्रदर्शनें भरविलीं, आणि १९१४ सालीं व्हिन्सेंटचीं थिओस लिहिलेलीं पत्रें छापून काढलीं. त्याच वर्षीं तिनें थिओच्या अस्थि ओव्हेरला नेऊन भावाच्या शेजारीं पुरविल्या. तिच्या मुलाच्या पुढाकारानें जपलेल्या त्या संग्रहासाठीं १९७३ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें खास संग्रहालय उघडलें.

विद्यार्थी मित्रहो, व्हिन्सेंटनें जसें हाल काढले तसें तुम्ही काढावे, असा ह्या चरित्राचा बोध आम्ही करीत नाहीं. त्यानें शरीराची फार हेळसांड केली आणि त्याचें फळ त्यास भोगावें लागलें. बोध आम्ही घेतों तो निराळा. ज्यास उपदेशक म्हणून नापसंत केलें, त्याचा उपदेश त्याच्या मागें शंभरांहून अधिक वर्षें चालूच आहे, आणि तो एका गाडीवानाच्या चिखलानें भरलेल्या जोड्यांच्या तोंडून चालला आहे. वर्गाबाहेर सकाळीं ज्या वहाणा रांगेनें ठेविलेल्या असतात, त्यांत कांहीं नव्या असतात; कांहींचा अंगठा दोनदां शिवलेला असतो, तर कांहीं तीन कोसांची वाट तुडवून आलेल्या असतात. त्यांकडे एकदां नीट पाहावें, आणि मग आंत येऊन ज्याच्या त्या वहाणा असतील त्याच्या शेजारीं बसावें.